रंगराव जॉबर आणि पडद्यावरची रेघ

रंगराव जॉबर बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे कधीच बघत नसत, ओठांकडे बघत. पहिल्या भेटीत कुणालाही हे जरा चमत्कारिक वाटायचं, मलाही वाटलं. त्यात आवाज असा की शाळेच्या फाटकावर बोलले तर कळंब्याच्या तलावापलीकडच्या माणसाने वळून बघावं. कबनूरला यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांची तीस वर्षं गेली होती, पुढे ती शेड बंद पडली. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा माणूस. मागांच्या खडखडाटात कान गेले आणि आवाज तेवढा मागांच्या मापाचा राहून गेला.

आमची शाळा कर्णबधिर मुलांची. सोबत वसतिगृह आहे. शनिवारी बाहेरच्या लोकांचीही श्रवण तपासणी होते, त्यासाठी ते चार वर्षांपूर्वी आले होते. उजवा कान पूर्ण गेला आणि डावा जायच्या वाटेवर आहे, असं त्यांना नुकतंच कळलं होतं. एखादा माणूस असं ऐकून बाहेरच्या बाकावर मुकाट बसला असता. हे बाहेर आले आणि संगणक कक्षाच्या दारात थबकले. आत मी मुलांना खुणांच्या भाषेतला एक व्हिडिओ दाखवत होते.

"बाई, ह्याला रेघ पडलीया."

मी मान वर न करता म्हणाले, "नेट स्लो आहे."

"तोंड वर करून बोला की! मला वाचाय लागतंय."

मी तोंड वर केलं आणि चिडून, एकेक शब्द सुटा करून तेच पुन्हा सांगितलं.

"नेट न्हवं ते. नेट अडकलं की चित्र थांबतंय, न्हायतर त्याचं चौकोन चौकोन व्हत्यात. हे आडवं कापलंया. बघा, बाईचा हात मनगटात तुटलाय. बोटं मागच्या खुणेची आन् मनगट फुडच्या."

खरं सांगायचं तर ती रेघ मी वर्षभर बघत होते. एका पतसंस्थेने वापरून जुने झालेले सहा संगणक आम्हाला दिले होते. त्यांच्यावर लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. पडद्यावर काही वेगाने हललं की मधोमध आडवी चीर जायची. मी सवयीने म्हणाले, "चालतंय हो. दिसतंय ना!"

"चालतंय म्हणत्यात ना बाई, तवा ते चालत नसतंय. असा माग चालवला असता तर व्यापाऱ्यानं कापडाचा तागा माझ्या तोंडावर फेकला असता."

एवढं बोलून न विचारता त्यांनी खुर्ची ओढली. मला राग आला होता. पण पहिल्या रांगेतली रुक्मिणी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, म्हणून मी व्हिडिओ चालूच ठेवला.

रुक्मिणी तेव्हा सात वर्षांची होती. ऐकू अजिबात येत नाही आणि नजरही अधू, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. तिची आई हातकणंगल्याला, स्टेशनजवळ राहते. तीही कर्णबधिर. दर रविवारी दहा वाजता शेजारणीच्या मोबाईलवरून ती व्हिडिओ कॉल करी, आणि मायलेकी हातांनी बोलत. माझ्या मोबाईलच्या वीतभर पडद्यावर रुक्मिणीला आईची बोटं दिसत नसत. संगणकाचा मोठा पडदाच लागे. आणि मोठ्या पडद्यावर ही रेघ. पाच मिनिटांत मुलगी चष्मा काढून डोळे चोळायला लागायची आणि तोंड फिरवून बसायची. आम्ही तिला हट्टी म्हणत होतो. ही आमची अक्कल.

रंगरावांना हे सगळं कळायचं कारण त्यांच्या घरात होतं. बायको गेल्यावर ते एकटेच राहत. मुलगा संदीप पुण्याला नोकरीला. जाताना आपला जुना संगणक त्याने वडिलांसाठी जोडून ठेवला होता आणि संध्याकाळी त्यावर कॉल करायचा. ऐकू येत नाही म्हणून हे पोराचे ओठ वाचत, आणि रेघ नेमकी ओठांवरून जायची. मुलगा म्हणाला, राहू दे बाबा, लिहून पाठवत जाईन. हे म्हणाले, लिहिलेल्यात पोराचं तोंड दिसत न्हाय. मग सातवी शिकलेला हा माणूस शब्दकोश मांडीवर घेऊन इंटरनेटवरच्या लोकांचं इंग्रजी वाचत बसला. चार महिन्यांत स्वतःची रेघ स्वतः घालवली.

त्यांनी मला ती भानगड समजावून सांगितली, ती अजून लक्षात आहे. "पडदा वरनं खाली भरतोय, सेकंदाला साठ डाव. चित्र निम्म्यावर आलं असतानाच आतल्या चित्राच्या कार्डानं दुसरं चित्र ढकललं, की वरचं अर्ध जुनं आन् खालचं अर्ध नवं. कार्डाला सांगाय लागतंय, बाबा, दम धर, हे पुरतं होऊ दे. त्याला सांगणारा जो असतोय त्यो ड्रायव्हर. त्यो चुकीचा असला की कार्ड कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय."

त्यांची काम करायची रीत मागावरची होती. यंत्रमागावर कापडात कुठे खोट आली तर तिथे किनारीला लाल दोरा बांधतात, पुढच्या माणसाला कळावं म्हणून. रंगराव संगणकाच्या वायरीला लाल दोरा बांधत आणि केलेल्या प्रत्येक बदलाची त्याला एक गाठ मारत. प्रत्येक गाठीचा तपशील दोनशे पानी वहीत. कुठलीही फाइल बदलण्याआधी जुनीची नक्कल ठेवायची. एका वेळी एकच बदल, आणि तोही एकाच यंत्रावर. मग आठ दिवस बघायचं, आणि नंतरच दुसऱ्या यंत्राला हात लावायचा. पडदा काळा पडला की मला धडकी भरायची, ते शांतपणे तीन कळा दाबून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जायचे. "तोंड काळं केलंय फकस्त. आत जित्तं हाय."

परीक्षाही त्यांचीच. घरच्या आढ्याला गवंड्याचा ओळंबा टांगून, त्याला झोका देऊन त्यांनी मोबाईलवर त्याचं चित्रण केलं होतं. पांढऱ्या भिंतीपुढे एक काळा दोरा इकडून तिकडे झुलतोय, बस्स. ते प्रत्येक संगणकावर पडदाभर लावायचं. दोरा अखंड झुलला तर पास. कुठे तुटलेला दिसला तर पुन्हा वही उघडायची. मुलांना तो ओळंबा इतका आवडे, की रंगराव आले की सगळी हात लोंबता सोडून झुलवायची. शाळेने त्यांना ठेवलेली नावाची खूण तीच झाली. त्यांना ती फार आवडली होती. "माझं नाव लई बेस ठेवलंय पोरांनी," असं ते मला दहा वेळा तरी म्हणाले असतील.

दर शनिवारी एक, असं करत दीड-दोन महिन्यांत सहाही पडदे स्वच्छ झाले. त्या रविवारी रुक्मिणीने चष्मा काढला नाही. मायलेकी पाऊण तास बोलल्या. मी दारात उभी राहून डोळे पुसले आणि कुणी बघितलं नाही ना, हेही बघितलं.

आता माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी संगणकांवरचं सगळं फार जुनं झालं, कॉल लागेनासे झाले. नवं घालणं भाग होतं. रंगराव म्हणाले, एक यंत्र करतो, आठ दिवस बघू. मी हिशेब केला, म्हणजे पुन्हा दीड महिना. एका यंत्रामागे मुलांची रांग लागणार. आणि रुक्मिणीच्या आईचं सोमवारी पोटाचं ऑपरेशन होतं. ती रविवारी दहाला पोरीशी बोलून दवाखान्यात दाखल होणार होती. मी त्यांच्या मागेच लागले. "अण्णा, तुमचा हातखंडा आहे. आज सहाही करून टाका की."

"बाई, एका टायमाला एकच."

"तुमचं म्हणजे ना अण्णा, माग बंद पडले तरी नियम चालूच!"

हे बोलायला नको होतं. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि कामाला लागले. दुपारी चारला सहाही पडदे काळे. नव्या सॉफ्टवेअरने त्या जुन्या कार्डांच्या ड्रायव्हरला ओळख द्यायचंच बंद केलं होतं. एकावर आधी करून बघितलं असतं, तर पाच वाचले असते. खटपट करून त्यांनी कसंबसं चित्र आणलं, पण कामचलाऊ ड्रायव्हरवर. ओळंबा लावला. दोरा तीन ठिकाणी तुटला. रुक्मिणी मागे उभी होती. तिने हात झुलवून दाखवला आणि मग दुसऱ्या हाताने तो मनगटाशी कापल्यासारखं केलं.

मी म्हणाले, "अण्णा, चूक माझी आहे."

"हात माझा हुता," एवढंच म्हणून ते कबनूरच्या बसला निघून गेले. मला वाटलं, संपलं. उद्या ती पोरगी तोंड फिरवणार. आई पंधरा दिवस का दिसणार नाही, हे तिला आईकडून कळणारच नाही. आणि अशा ऑपरेशनला निघालेली बाई पोरीचा चेहरा न बघताच जाणार.

रविवारी सकाळी साडेआठला रंगराव फाटकात. हातात जेवणाचा डबा. डब्यात सुताच्या गुंडाळीत ठेवलेलं एक ग्राफिक्स कार्ड.

"कुठलं हो हे?"

"माळ्यावर पडलं हुतं. जुनं हाय, पर ह्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या आतच असतोय. त्याला कोण भाईर काढू शकत न्हाय."

रुक्मिणीच्या संगणकात त्यांनी ते बसवलं. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ओळंबा लावला. दोरा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ झुलला, आणि त्यांनी लाल दोऱ्याला गाठ मारली. बरोबर दहाला आई आली. ती काय म्हणाली ते मी दारातून वाचलं, कारण तिच्या हातांत कुठेही चीर नव्हती. मी दवाखान्यात जाणार आहे. डॉक्टर पोट दुरुस्त करणार. पंधरा दिवस मी दिसणार नाही. सोळाव्या दिवशी इथेच दिसेन. रुक्मिणीने तिच्याकडून सोळा बोटं मोजून घेतली. सोळाव्या दिवशी आई दिसली.

बाकीचे पाच संगणक त्यांनी नंतर एकेक करून मार्गी लावले, पण त्यांच्यावर बारीक रेघ राहिलीच. बाकी मुलांना त्याने फरक पडत नव्हता. यांना पडत होता. त्या रेघेपायी ते शेवटपर्यंत दर शनिवारी येत राहिले. मी एकदा म्हटलं, अण्णा, ते माळ्यावरचं कार्ड होतं, तसलं आणखी मिळेल का? म्हणाले, "आता तसलं येत न्हाय बाजारात. आन् ह्या पाचांस्नी बसतबी न्हाय." मग विषय बदलला.

या वर्षी एका शनिवारी ते आले नाहीत. सोमवारी संदीपचा फोन आला. झोपेतच गेले होते. मुलांना सांगताना मला खूण सुचेना. मी हात लोंबता सोडला, झुलवला आणि थांबवला. सगळ्यांना कळलं. रुक्मिणी संगणक कक्षात जाऊन बसली, जेवायलाही आली नाही.

महिन्याभराने संदीप घरचा संगणक आणि वही घेऊन शाळेत आला. हे तुमच्याकडेच राहू दे, म्हणाला. आम्ही तो संगणक जोडला. त्यावर ओळंब्याचा व्हिडिओ होता. मी पडदाभर लावला. दोरा मधोमध तुटला.

"आणताना काहीतरी हललं असेल," मी म्हणाले.

संदीप पडद्याकडे बघत म्हणाला, "दोन वर्षं बाबा सारखं म्हणायचे, परत सांग, परत सांग. पूर्वी एका दमात वाचायचे. मला वाटलं, त्यांची नजर गेली. एकदा मी ओरडलोसुद्धा. मग कॉल कमी केले, लिहून पाठवायला लागलो."

मी संगणकाच्या मागे हात घातला. कार्डाची जागा रिकामी होती, पडद्याची वायर थेट मूळ यंत्रालाच जोडलेली. वायरीला लाल दोरा होता आणि शेवटची गाठ इतर गाठींपेक्षा मोठी होती. मी वही उघडून दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं पान काढलं. त्यांचं अक्षर मोठं, प्रत्येक शब्द सुटा.

"घरचं कार्ड काढलं. शाळेत रुक्मिणीला लावलं. घरी रेघ आली. चालतंय."

संदीप गेल्यावर मी ती दोनशे पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटून बघितली. 'चालतंय' हा शब्द दुसऱ्या कुठल्याही पानावर नव्हता.