हिलच्या फळीवरचा कुजका पीच

आमच्या हारलेमच्या बाजारात हिल फळं विकायची आणि शेजारी मी चीज. विधवा बाई, पण तोंड असं चालायचं की गिऱ्हाईक भाव करायचं विसरून जाई. तो गाळा म्हणजे तिचं सर्वस्व. गेला असता तर दुसऱ्यांची धुणी धुवायची वेळ आली असती.

चित्रकार बारेंट तिच्याकडे रोजचा. त्या वर्षी शहरातल्या बड्या लोकांना एकच खूळ लागलेलं. भिंतीवर फळांचं चित्र हवं, आणि त्यात एक तरी फळ कुजलेलं हवं. म्हणजे पोट तुडुंब भरल्यावर वर बघून 'सगळं नश्वर आहे' म्हणायला बरं. बारेंटच्या घरी मेलं फळ कुजायचंच नाही, सहा पोरं त्याआधीच फस्त करायची. म्हणून त्याचा पीच हिलच्या फळीवर कुजत ठेवलेला, आणि हा तिथेच बसून रंगवायचा.

एके दिवशी बाजार तपासनीस अद्रियानसाहेब आले. पीच दिसताच नाकाला रुमाल. हा विकायचा नाही, चित्राचा आहे, असं हिल परोपरीनं सांगत होती. ऐकतो कोण? त्यांनी पीच कालव्यात भिरकावला आणि गाळ्याला टाळं ठोकलं. हिल रडली. मलाही असा संताप आला, पण साहेबापुढे चीजवालीचं काय चालणार.

तिसऱ्या दिवशी साहेब पुन्हा हजर, मागे बारेंट मान खाली घालून. ते चित्र साहेबांच्याच जेवणघरासाठी होतं! पंधरा दिवसांनी पाद्रीबुवा जेवायला यायचे होते, आणि चित्रात द्राक्षांशेजारी पीचच्या जागी भलंमोठं भगदाड. हिल माझ्याजवळ टोपली घेऊन बसली होती.

"बाई, एखादा कुजका पीच असेल का?" साहेबांनी हळूच विचारलं.

"छे हो साहेब. तुमच्या हुकमानं सगळं ताजं."

मग हिलनेच एक टवटवीत पीच उचलला.

"याला दहा दिवस तरी लागतील. आणि हा माझ्या फळीवरच कुजेल, माझ्या उघड्या गाळ्यात."

साहेबांनी निमूट टाळं काढलं. पुढे दहा दिवस ते रोज पीच बघायला यायचे. शेवटच्या दिवशी बारेंट रंगवत असताना त्यावर माशी बसली, तशी सवयीनं त्यांनी रुमाल उगारला.

"राहू द्या साहेब," हिल म्हणाली. "तीही चित्रात आहे."