मेंढरं हा शब्द मी वगळला

त्या दुष्काळात मी पाण्याच्या टँकरची जाहिरात चालवत होते आणि गंगापूरकडच्या आमच्या गावात अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मेंढरं पाण्यावाचून तडफडत होती. जवळच्या चारा छावणीत गाई-म्हशींना जागा होती, मेंढरांना नव्हती. अप्पांचा जन्म त्यांच्यामागं गेलेला.

आमचं ऑफिस शहरात, गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानावर. लोक मोबाईलवर काही शोधतात तेव्हा गिऱ्हाइकाची जाहिरात वर दिसावी, एवढंच आमचं काम. एक गिऱ्हाईक चिकलठाण्याचे टँकरमालक. तिकडं इमारतींवर इमारती उठत होत्या आणि नळ कोरडे, त्यामुळे त्यांची चांदी होती. मी शब्द टाकला ‘पाण्याचा टँकर’ आणि जुळणी ठेवली ब्रॉड, म्हणजे सैल. पाण्याबद्दल कुणी काहीही विचारलं तरी मालकांचा नंबर समोर. स्वतःला फार हुशार समजत होते मी.

आठवड्याभरात मालक तापले. “मॅडम, सोसायटीवाले कमी अन् खेड्यातलेच लई फोन करू राह्यले. गावाचा टँकर कधी येनार, मलाच इचारतेत! मी काय तहसीलदार हाये का?”

मी हसले. मग लोकांनी नेमकं काय शोधलं होतं त्याची यादी उघडली. टँकर कधी येणार. फुकट पाणी कुठं. विहीर आटली काय करावं. आणि मधेच एक ओळ, मेंढरायला पाणी कुठं भेटंल.

दिवाळीत अप्पांना मोबाईल मीच दिला होता. “काही अडलं तर हे बटण दाबायचं आणि बोलायचं,” हेही मीच शिकवलं होतं. पण यादीत माणसाचं नाव नसतं. मेंढरं काय एकट्या अप्पांचीच आहेत का, अशी मी स्वतःची समजूत घातली.

तरी मालकांना विचारलं, गंगापूरकडं एक खेप जाईल का. “येवढ्या लांब? इथल्याच सोसायट्यायला पुरंना. तुम्ही आधी ते फालतू फोन बंद करा.”

जुळणी एक्झॅक्ट केली असती, तर अगदी त्याच शब्दांत विचारणारेच उरले असते आणि सोसायटीवालेही गळाले असते. म्हणून ब्रॉडच ठेवली आणि वगळायच्या शब्दांची यादी केली; यातला एखादा शब्द कुणी विचारला की त्याला मालकांचा नंबर दिसणारच नाही. फुकट, सरकारी, गाव, विहीर. मेंढरं एकदा लिहून पुसलं. पण नोकरी नवी होती आणि मी भित्री होते. लिहिलं. मालक खूश झाले.

पंधरा दिवसांनी घरी फोन केला.

“मेंढरं इकली, माय,” अप्पा म्हणाले. “काल नेली खाटकानं.”

“अहो, मला एका शब्दानं विचारायचं तरी!”

“तुला कशाला घोर? मोबाईललाच इचारायचो. पयले एक नंबर यायचा, चिकलठान्याचा. नायच म्हनायचा तो मानूस, पन फोन उचलायचा. वाटायचं, आज नाय तर उद्या येईल. आता तो नंबर बी येत नाय. मंग म्हनलं, तिकडलं बी पानी सरलं. मंग कशाच्या भरवशावर ठिवायची?”



“व्हय, अप्पा,” मी म्हटलं, “सरलंच असंल.”