स्वयं बनावटी

जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत चांगलं नाही. सगळेच वाईट नसतील, मान्य. पण मला जे भेटले त्यांनी एका थंडीतल्या सकाळी, चारचौघांत, माझ्या बाबांना जे ऐकवलं ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. आई म्हणते, झालं गेलं, सोडून दे. मला सोडता येत नाही. माझा स्वभाव बाबांवर गेलेला नाही, आईवर गेलाय, आणि खरं म्हणजे तिनेही ते अजून सोडलेलं नाही.

बाबा इथल्या मोठ्या कारखान्यात टर्नर होते, टूलरूममध्ये. साताऱ्याहून नोकरीसाठी भोपाळला आले ते इथलेच झाले. निवृत्त झाल्यावर शहरातच, अवधपुरीत घर बांधायला घेतलं, तर घराच्या आधी गाडीची शेड उभी राहिली. गाडी दोन दारांची, फिक्या निळ्या रंगाची. तशा गाड्या बनायच्या बंद होऊन जमाना झाला. तिचं सबंध बॉनेट, दिव्यांसकट, ट्रंकेच्या झाकणासारखं पुढच्या बाजूला उलटं उघडतं आणि आतलं इंजिन तीन बाजूंनी उघडं पडतं. मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावरच. चोक थंडीत किती ओढायचा आणि मे महिन्यात किती, हे मला आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल.

मी कॉलेजात असताना या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण कुणीतरी चोरलं. बाबांनी कबाडखान्याच्या भंगारबाजारातली एकही टपरी सोडली नाही, दिल्लीला पत्रं लिहिली, पण झाकण काही मिळालं नाही. काही महिने आम्ही लोणच्याच्या बरणीचं झाकण फडकं गुंडाळून बसवलं होतं. मग आईचा पितळी खल तडकला. लग्नात माहेराहून आलेला, बुडाशी चांगला भरीव. आईने तो मोडीत घालायला काढला होता. बाबांनी तो उचलला, बुडाची जाडी अंगठ्याने चाचपली आणि आईला काय ते कळलं.

"घाला, माझा खलही त्या गाडीच्या घशात घाला," ती म्हणाली.

कारखान्यातून टाचणीसुद्धा घरी आणायची नाही आणि कारखान्याच्या लेथवर घरचं काम करायचं नाही, हा बाबांचा नियम. म्हणून गोविंदपुऱ्यात त्यांच्या एका जुन्या सोबत्याचं छोटं वर्कशॉप होतं तिथे जाऊन, चार रविवार घालवून, त्यांनी त्या खलाच्या बुडातून झाकण काढलं. कडेला बोटांना पकड मिळावी म्हणून बारीक चौकडीची नक्षी, आत आटे असे कातलेले की दीड फेऱ्यात झाकण टक्कन बसावं आणि वाटेत कुठे अडू नये. वरून निकेल चढवलं. खलाच्या बुडावर आईचं नाव घातलेलं होतं, तेव्हा सगळ्याच भांड्यांवर घालत तसं. ते लेथवर गेलं. आईने तोंड पाडलं, तेव्हा बाबांनी झाकणाच्या आतल्या बाजूला छिन्नीने ठोकून तिचं नाव परत घातलं.

"आयुष्यभर राबले, शेवटी माझं नाव पेट्रोलात बुडवलंत," आई म्हणाली. पण घरी पाहुणे आले की त्यांना अंगणात नेऊन, झाकण उघडून, उलटं करून तीच दाखवायची.

आता बाबांच्या हिंदीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. इतकी वर्षं भोपाळात काढूनही बाबा विचार मराठीत करतात आणि शेवटी फक्त 'है' लावतात. आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहत होतो तेव्हाची गोष्ट. शेजाऱ्यांनी विचारलं, आज गाडी कुठे दिसत नाही? बाबांनी सांगितलं, "गाड़ी खाली है।" त्यांच्या मनात, खालच्या अंगणात आहे. हिंदीत खाली म्हणजे रिकामी. पाच मिनिटांत शेजारी सहकुटुंब, होल्डॉलसकट, गाडीत जाऊन बसले. त्यांना स्टेशनवर जायचंच होतं. बाबांनी किल्ली घेतली आणि त्यांना पोचवलं. या गोष्टीवर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. एखादा शब्द पुढे कधी इतका महागात पडेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

दोन वर्षांपूर्वी जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या एका क्लबाने हिवाळ्यात मेळावा ठरवला. आधी मैदानात तपासणी, मग निवडलेल्या गाड्या रांगेने मोठ्या तलावाच्या काठाने फेरी मारणार. बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. नजर उतरत चालली होती. परवान्याची मुदत मार्चमध्ये संपत होती आणि पुढे तो मिळायचा नाही हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. बाबांनी आयुष्यात कधी कशाचा हट्ट धरला नाही. तो एकदाच धरला.

"एकदा त्या रांगेतून गाडी चालवायची आहे," म्हणाले. "ज्यांना त्यातलं कळतं, त्यांनी एकदा बघावी."

फॉर्म हिंदीत होता. बाबांनी तो दोन दिवस बसून, कारखान्याच्या नकाशांवर लिहायचे तशा उभ्या, सुट्या अक्षरांत भरला. मी अयोध्या नगरात राहते. त्या संध्याकाळी त्यांच्याकडून घरी परतायच्या घाईत होते. बाबांनी फॉर्म पुढे केला. "तुझी हिंदी चांगली आहे. एकदा नजर घाल." मी कागद हातात घेतला, "ठीक आहे" म्हटलं आणि पाकिटात घालून मोकळी झाले. वाचला नाही. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी बाबांनी लग्नातला कोट घातला होता. मैदानातल्या गाड्या सुंदर होत्या, खोटं कशाला बोलू. पण मालक! अर्ध्या गाड्या ट्रकवर चढून आल्या होत्या आणि चार-चार माणसं त्यांना ढकलून उतरवत होती. एका गृहस्थांना आपल्याच गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते ठाऊक नव्हतं, ते ड्रायव्हरच्या नावाने शंख करत होते. एक लांबलचक लाल गाडी सुरू झाली आणि बाबा माझ्या कानाशी म्हणाले, "हिच्या पोटात जीपचं इंजिन आहे." आवाजावरून सांगितलं त्यांनी. आमची गाडी अवधपुरीहून स्वतःच्या चाकांवर, बाबांच्या हाताने आली होती.

तपासणीला क्लबाचे सेक्रेटरी स्वतः होते. डोक्यावर फेल्ट हॅट, गळ्यात रेशमी रुमाल. त्यांनी आमचा फॉर्म काढला आणि बदललेल्या पुर्ज्यांच्या रकान्यात बाबांनी जे लिहिलं होतं ते मोठ्याने वाचलं. "पेट्रोल टंकी का ढक्कन : स्वयं बनावटी।" मग हसले. भोवतीच्या लोकांकडे वळून म्हणाले, "भई, अंकल की ईमानदारी की दाद देनी पड़ेगी। लोग छुपाते हैं, इन्होंने खुद लिख दिया कि नकली है!"

लोक खो-खो हसले. बाबांना आधी कळलंच नाही कशाला हसतायत ते. मला मात्र त्याच क्षणी कळलं.

मराठीत बनावट नोटा असतात, बनावट सह्या असतात. पण 'बनावटीचा' म्हटलं की तोच शब्द अब्रूदार होतो. भारतीय बनावटीचं यंत्र, स्वतःच्या बनावटीचं हत्यार. टूलरूममध्ये बाबा हे अभिमानाने म्हणत. स्वतःच्या बनावटीचं झाकण, एवढंच त्यांना लिहायचं होतं. त्याचं त्यांनी हिंदी केलं. हिंदीत बनावटी म्हणजे खोटं, नकली, दिखाऊ. दहावी नापास पोरानेही ते वाचून दुरुस्त केलं असतं.

"नकली नहीं साब," बाबा म्हणाले, "मैं खुद बनाया।" त्यांनी झाकण फिरवून काढलं आणि तळहातावर ठेवून पुढे धरलं. "हाथ में लेके देखो। आटे देखो।"

आटे! हिंदीत आटा म्हणजे कणीक. पुन्हा हशा. सेक्रेटरींनी झाकण हातातही घेतलं नाही. "वही तो, अंकल। बनाया हुआ है, ओरिजिनल नहीं है ना।" आणि आमच्या काचेवर त्यांनी पिवळा कागद चिकटवला : रैली में शामिल नहीं.

मग मी भांडले. कडाकडा भांडले. मराठीतला अर्थ सांगितला, तर म्हणाले, "मैडम, नियम तो नियम है।" लाल गाडीतल्या जीपच्या इंजिनाचं विचारलं, तर म्हणाले, "वो अलग कैटेगरी है।" म्हणजे परदेशातून पार्सलने आलेला पत्रा अस्सल, जीपचं इंजिन वेगळी कॅटेगरी, आणि ज्या माणसाने केसाएवढी चूक न करता आयुष्यभर पोलाद कातलं त्याच्या हातचं पितळ तेवढं नकली! यांना गाड्यांचा शौक नाही. यांना शौक आहे तो गाडीशेजारी उभं राहून फोटो काढून घ्यायचा.

बाबांनी माझं कोपर धरलं. "चल," म्हणाले. आमची गाडी चहाच्या टपरीशेजारी लावायला सांगितली होती, तिथे आम्ही उभे राहिलो. आईने डब्यातून आणलेल्या वड्या कुणी खाल्ल्या नाहीत. एकेक गाडी समोरून तलावाकडे गेली. शेवटची जाईपर्यंत बाबा झाकण हातातच धरून होते. मग त्यांनी ते नीट फिरवून बसवलं आणि घराकडे निघाले. मार्चमध्ये परवाना संपला. तेव्हापासून बाबा गाडी फक्त सुरू करतात, दहा मिनिटं चालू ठेवतात आणि बंद करतात.

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी गप्प बसले असते, कदाचित. पण गेल्या दिवाळीच्या आधी एका रविवारी फाटकाशी एक गाडी थांबली आणि तीच फेल्ट हॅट उतरली. सेक्रेटरींच्या स्वतःच्या विलायती गाडीचं पेट्रोलचं झाकण ट्रकवरून नेताना कुठेतरी पडलं होतं. परदेशात मिळत नव्हतं. गोविंदपुऱ्यात कुणीतरी सांगितलं, अवधपुरीत एक म्हातारे टर्नर आहेत, ते करतील. निळी गाडी पाहिल्यावर आपण कुठे आलो ते त्यांना कळलं. पण चेहरा जरा म्हणून पडला नाही.

"अरे अंकल, आप तो छुपे कलाकार निकले! बस, एकदम ओरिजिनल लगना चाहिए।"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा म्हणाले, "बना देंगे।"

मला इतका संताप आला की मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई तिथे आधीच भांडी आदळत होती. "बत्ता मागायला आले तर सांग, तो मिळणार नाही," ती म्हणाली. पण बाबांनी तिच्याकडे काही मागितलं नाही. वर्कशॉपमधून पितळेचा गज घेतला आणि तीन आठवडे रोज तिथे जात राहिले. भिंगातून बघत, थांबत थांबत. झालं तेव्हा मी ते हातात घेतलं. वरून अगदी विलायती. उलटं केलं, तर आतल्या बाजूला, आईचं नाव घातलं होतं तशाच ठोकलेल्या अक्षरांत, दोन शब्द होते. स्वयं बनावटी.

मी बाबांकडे पाहिलं. ते हात धूत होते.

झाकण पोचवायला मी गेले, मुद्दाम. त्या माणसाचा चेहरा मला बघायचा होता. सेक्रेटरींनी ते घेतलं, उजेडात धरलं, रुमालाने पुसलं, "वाह, बिल्कुल ओरिजिनल!" म्हणाले आणि गाडीवर फिरवून बसवलं. टक्कन आवाज आला. उलटून त्यांनी पाहिलंच नाही. या हिवाळ्यात ती गाडी तलावाच्या फेरीत सगळ्यांच्या पुढे होती, छातीवर बक्षिसाचा बिल्ला लावून.

पण ते पुढचं. त्या दिवशी मी परत आले तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते.

"वाचलं का त्यांनी?"

"नाही. उलटं करून बघितलंसुद्धा नाही," मी फणकारले. "न बघताच वाहवा. कसले हे शौकीन! दोन शब्द वाचायला काय होतं माणसाला?"

बाबांनी फाटकाची कडी लावली.

"असू दे," ते म्हणाले. "तू तरी कुठे वाचले होतेस?"

आणि ते चहाला आत गेले.