निफाडच्या अलीकडे

परक्या अंथरुणावर आपण झोपणार नाही, असं सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सांगून टाकलं होतं. त्यामुळे मुक्कामाची सहल आमच्या घरात कधी झालीच नाही. शेवटी यजमानांनी एक जुनी मॅटाडोर विकत घेतली. आधी ती मळ्यातला झेंडू बाजारात न्यायची. ते सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. पावसाळाभर दर रविवारी खपून त्यांनी तिच्यात पलंग, पाण्याची टाकी आणि स्टोव्हसाठी पत्र्याचा ओटा बसवला. खिडक्यांना मी फुलाफुलांचे पडदे शिवले. पलंगावर सासूबाईंनी स्वतःची गोधडी अंथरली आणि म्हणाल्या, "आता न्या कुठं न्यायचं ते."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊबीज झाल्यावर आम्ही सकाळी वेरूळला जायला निघालो. यजमान चालवत होते, मी त्यांच्या शेजारी, सासूबाई मागे गोधडीवर. ओझर मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांमधून छाटणी चालली होती.

आमच्या मागे एक काळीपिवळी जीप होती. तिच्यात पेठ तालुक्याकडची माणसं छाटणीच्या कामाला निघाली होती. मागच्या दारालाही दोघे लटकलेले. आमचे पडदे बघून बायकांना हसू येत होतं. आतला ओटा दिसावा म्हणून सासूबाईंनी पडदा सरकवला आणि त्याही हसल्या.

मग जीप आम्हाला ओलांडायला बाहेर आली. आमच्या बरोबरीला आली तेव्हा पुढच्या सीटवर बसलेली बाई मला दिसली. मांडीवर दोनेक वर्षांची मुलगी. तेवढ्यात समोरून टँकर आला. तो दुसऱ्या एका ट्रकला ओलांडत होता, म्हणजे रस्ताच उरला नव्हता. यजमानांनी ब्रेक दाबला. जीप आमच्या अंगावर वळली, आमच्या उजव्या कोपऱ्यावर आदळली, आमच्यासमोरून आडवी फिरली आणि डावीकडच्या पाण्याच्या चारीत उलटली. टँकर थांबला नाही.

त्यानंतर आवाजच नव्हता. मागे टाकीतलं पाणी सांडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मी यजमानांकडे पाहिलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. "अहो," मी म्हटलं. ते म्हणाले, "मी ब्रेक मारला." पुन्हा म्हणाले, "मी ब्रेक मारला ना?"

आमच्यात पहिल्यांदा खाली उतरल्या त्या सासूबाई. कपाळाला खोक पडली होती, पदराने रक्त पुसत त्या चारीकडे निघाल्या आणि मागे वळून माझ्यावर ओरडल्या, "अगं, बसलीस काय! उतर!"

मी उतरले. बागेतली माणसं कात्र्या टाकून धावत येत होती. जीपचं एक चाक अजून फिरत होतं. पुढची बाई बाहेर फेकली गेली होती. तिचा पाय गुडघ्याखाली नको तसा वळला होता. ती रडत नव्हती. "माझी पोर कठं हाय?" एवढंच विचारत होती.

मी बांधापलीकडे पाहिलं. कांद्याच्या वाफ्यात ती मुलगी बसली होती. अंगावर ओरखडासुद्धा नाही, फक्त तोंड चिखलाने भरलेलं. सासूबाईंनी तिला उचलून कडेवर घेतलं.

चारीच्या कडेला एक तरुण उताणा पडला होता. मी त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसले, कारण दुसरं कुणी त्याच्याजवळ नव्हतं. पाणी लावलं तर ओठाच्या कडेने बाहेर आलं. त्याने माझं मनगट धरलं. "पोर?" तो म्हणाला. मी सासूबाईंना हाक मारली. त्या मुलीला घेऊन जवळ आल्या, खाली वाकल्या. त्याने तिच्याकडे पाहिलं. मनगटावरची पकड सैल झाली, ते मला आधी कळलंच नाही. मी तशीच बसून राहिले. बागेतल्या एका म्हाताऱ्याने येऊन माझा हात सोडवला.

जखमींना न्यायला जवळ दुसरं वाहन नव्हतं. आमच्या गाडीचा कोपरा चेपला होता, पण इंजिन चालू होतं. पलंगावर ती बाई, खाली आणखी दोघे, ओट्याला टेकून एक म्हातारी, असं सगळ्यांना आम्ही आत घेतलं. गोधडी भिजून लाल झाली. यजमानांना मी दंडाला धरून सीटवर बसवलं. निफाडपर्यंत ते बैलगाडीच्या वेगाने गेले आणि दवाखान्याच्या फाटकात गाडी बंद करून चावी माझ्या हातात दिली. संध्याकाळी माझ्या भावाने येऊन गाडी चालवत आम्हाला घरी आणलं.

तो तरुण त्या बाईचा नवरा होता. मला ते दवाखान्यात कळलं. तो गेल्याचं तिला तिच्या दिराने सांगितलं. तेव्हा मी व्हरांड्यात होते.

पोलिसांनी जबाब घेतला. चूक टँकरची, असं त्यांनीच सांगितलं. पण यजमानांना ते पटेना. जेवताना घास हातात धरून ते विचारायचे, "मी आणखी डावीकडे घेतली असती तर?" गाडी अंगणात तशीच उभी राहिली. ते कामावर बसने जाऊ लागले.

पुढच्या वर्षी, द्राक्षं उतरायच्या दिवसांत, ती बाई आमच्या दारात आली. पत्ता तिने निफाडच्या दवाखान्यातून मिळवला होता. काठी टेकत, लंगडत, मुलीचं बोट धरून. पिशवीत नागलीचं पीठ. सासूबाईंनी मुलीला ओळखलं आणि जवळ ओढलं.

चहा घेताना तिने मला विचारलं, "तुम्ही त्यांच्याजवळ व्हत्या ना? काय बोलले का?"

"पोर, एवढंच म्हणाले. तिला बघितलं त्यांनी."

"बघितलं?"

"हो. आमच्या सासूबाईंनी तिला जवळ नेलं होतं."

तिने मान हलवली. उरलेला चहा सावकाश प्यायली.

तेवढ्यात यजमान कामावरून आले. तिला पाहून ते उंबऱ्याबाहेरच थबकले. हातातला डबा खाली ठेवायचंही त्यांना सुचेना. ती काठी धरून उठली.

"दादा," ती म्हणाली, "मी पुढंच बसलेली. टँकर मी बघितला. आमच्या डायवरनं घाई केली. तुमी तर थांबला व्हता."

"मी ब्रेक मारला होता," यजमान म्हणाले.

"व्हय. मी बघितलं."

ते पायरीवर बसले आणि तोंडावर हात घेऊन रडू लागले. इतक्या महिन्यांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दोघींना थांबवून घेऊन सासूबाईंनी स्वयंपाकाला सुरुवात केली. कांदा चिरायला मीही आत गेले, पण साल न काढताच चिरू लागले, तेव्हा सासूबाईंनी विळी माझ्यापुढून काढून घेतली.