भिंतीवरचा कवडसा

मी दहा-अकरा वर्षांची असताना आम्ही डोंबिवलीत एका बैठ्या चाळीत राहत होतो. समोरासमोर दोन ओळी, मधे अंगण. समोरच्या खोलीतल्या काकूंना क्षय झाला, तेव्हा त्यांचं बाळ जेमतेम बसायला लागलं होतं. डॉक्टरांनी बजावलं, मुलाला जवळ घ्यायचं नाही. काका ठाकुर्लीला कामाला जात, म्हणून बाळ दिवसभर आमच्याकडे असे. रांगत आईकडे जाईल या धास्तीने आम्ही त्याला झोळीतच ठेवत होतो.

त्याचं खाणंपिणं, न्हाऊमाखू माझी आई वेळच्या वेळी करायची. पण घरात आम्ही भावंडं, चूल, धुणं. त्याच्याशी खेळायला कुणाला सवड होती? वर्ष उलटून गेलं तरी ते उभं राहीना, एक शब्द बोलेना. हळूहळू त्याने रडणंही सोडलं. नुसतं आढ्याकडे बघत पडून राही. आई एकदा काकांना म्हणाली, "भावजी, मला भीती वाटते हो. हे मूल विझत चाललंय."

काकू ओटीवरच्या खाटेवर पडून हे सगळं पाहत असत.

एका सकाळी त्या हातात आरसा धरून केस विंचरत होत्या. उन्हाचा कवडसा अंगण ओलांडून आमच्या भिंतीवर पडला आणि बाळाने मान वळवली. काकूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी आरसा हलवला. कवडसा सरकला, तशी त्याची नजरही सरकली.

"अगं, त्याला खाली ठेव!" काकूंनी मला हाक मारली. आवाज जेमतेम पोचला.

तो बाहेर रांगत जाऊ नये म्हणून आईने उंबऱ्याशी आडवी फळी लावली आणि मी त्याला झोळीतून काढून जमिनीवर ठेवलं. कवडसा त्याच्या पायाशी आला, थांबला, पुढे पळाला. त्या दिवशी तो नुसता हसला. पण मग रोज सकाळी हा खेळ सुरू झाला. काकू कवडसा लपवायच्या, भलतीकडेच काढायच्या, त्याच्या हाती लागतो लागतो म्हणेपर्यंत वर चढवायच्या. तो रांगायला लागला. भिंतीला धरून उभा राहिला. कवडसा दिसला की ओरडायचा, "आलं!" लपला की हात पसरून म्हणायचा, "गेलं!" त्याचे पहिले शब्द हेच. ज्या दिवशी भिंत सोडून त्याने चार पावलं टाकली, त्या दिवशी काकू तोंडावर पदर धरून कितीतरी वेळ रडत होत्या. आईसुद्धा.

पुढे मी बालवाडीत शिकवायला लागले. खेळातून मुलाचा मेंदू घडतो, असं प्रशिक्षणात सांगायचे, तेव्हा बाकीच्या बाया लिहून घ्यायच्या. माझ्याने लिहवत नसे.

त्याच वर्षी थंडी सुरू होता होता काकू गेल्या. खाट उचलली, ओटी सारवली. बाळ भिंतीपाशी जाऊन बसे. भिंतीवर हात थापटून विचारी, "आलं?"

मला ते बघवेना. एकदा मी आमचा आरसा घेतला, अंगणात जाऊन तसाच कवडसा पाडला. त्याने आधी कवडशाकडे पाहिलं. मग वळून समोरच्या ओटीकडे पाहिलं. ओटी रिकामी होती. त्याने ओठ काढले आणि असा हंबरडा फोडला, की आई हातातलं पीठ तसंच टाकून धावत आली. उजेडामागे कुणीतरी असतं, हे एवढ्याशा जिवाला कळलं होतं. ते कुठे गेलं, हे त्याला कोण सांगणार?

काकांचे थोरले भाऊ साताऱ्याकडे शेती करत. बाळाला तिकडेच ठेवायचं ठरलं. आम्ही कल्याण स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो. आईने त्याला कडेवरून उतरवून काकांच्या हाती दिलं. काका उचलून घ्यायला वाकले, पण त्याने अंग आखडून घेतलं. त्याला चालायचं होतं. वडिलांचं बोट धरून तो गर्दीतून चालत गेला, एकदाही न अडखळता.

तो दिसेनासा होईपर्यंत आई टाचा उंचावून बघत होती. म्हणाली, "तिने बघायला हवं होतं गं."