रान मोकळं ठेवायचं

लिहिण्याची माझी योग्यता नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरातून कॉलेजपर्यंत आलेला मी पहिला, आणि माझं लेखन परीक्षेच्या पेपरांपलीकडे कधी गेलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

मी इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. कात्रजला तिघांत एक खोली आहे. कॉलेज सांभाळून खडकीजवळच्या एका कंपनीत शिकाऊ म्हणून जातो. ही कंपनी मराठवाड्यात, आमच्याच गावाच्या शिवारात मोठा सौर प्रकल्प उभा करणार आहे. करारात आमचंही रान आहे. भाडं काम सुरू झाल्यावर मिळणार, आणि तोवर रान मोकळं ठेवायचं.

काम मात्र सुरू होत नव्हतं. दुपारी सगळ्याच सौर प्रकल्पांची वीज एकदम येते, तेव्हा आमच्याकडच्या उपकेंद्रात आणखी वीज घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून कंपनीने बॅटऱ्या जोडायचं ठरवलं. दुपारची वीज साठवायची आणि संध्याकाळी दिवे लागले की सोडायची. परवानगीचा अर्ज नव्याने गेला. त्यातले काही आलेख मीच काढले होते.

गेल्या वर्षी रान पडीक राहिलं. यंदा पेरणीचे दिवस आले, तसा बाबांचा रोज फोन.

"काय म्हणतेत तुझे साहेब? पेरू का?"

"थोडं थांबा, बाबा."

"मी थांबतो की. वाफशाला तूच सांग थांबायला." वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, थोडेच दिवस टिकते हे मलाही ठाऊक होतं.

शेवटी धीर करून ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, यंदापुरतं पेरलं तर चालेल का? स्क्रीनवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "करार आपण वाचला असेलच. मराठीतच आहे."

पुन्हा विचारलं नाही.

कंपनीत जाणं सोडून द्यावं असं वाटायचं. पण गावात लोक बाबांना म्हणायचे, "तुमचं पोरगं हाय ना तिथं? मग कंपनी कुठं पळून जाती?" मी इथे असणं हीच गावाची खात्री होती. त्यामुळे सोडताही येईना, आणि खुर्चीत बसून तो अर्ज पुढेही सरकवता येईना. संध्याकाळी बस कात्रजच्या रस्त्याला लागली की आता वाजेल म्हणून फोन खिशातून काढून हातात धरायचो.

मग बाबांचे फोनच बंद झाले. रागावले असतील, असं मी धरून चाललो. मीही केला नाही.

परवा मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. "परवानगी मिळाली. सोमवारी मोजणी, मग लगेच यंत्रं जातील. घरी कळवा."

जिन्यात जाऊन फोन लावला. आईने उचलला. मी एका दमात सगळं सांगितलं.

"आई, ऐकतेस ना? बाबा कुठंयत?"

"रानात," ती म्हणाली. "सोयाबीन वीतभर झालंय. तुला सांगू नको म्हणले होते."