नव्वद सेकंदांची टीप

ऑफिसात सगळे तिला अक्का म्हणत, तोंडावर प्रेमाने आणि पाठीमागे कंटाळून. औषधांच्या शीतगृहांची दारं, पंखे, घंटा सांभाळणारं सॉफ्टवेअर तिने सतरा वर्षं पोसलं होतं. त्याची सेटिंगची फाइल साधी होती: एका ओळीत आकडा, आणि त्याच्या वर अर्धविराम देऊन अक्काची टीप, हा आकडा असाच का. यंत्र ती ओळ वाचत नसे. ती माणसांसाठी होती.

‘दार आपोआप बंद: ९० सेकंद. कमी करू नका. खोकी उचलणाऱ्या मावशींचा गुडघा गेलाय, बाहेर यायला ऐंशी लागतात.’ ही टीप तिने त्या थंडीत घड्याळ धरून उभं राहून लिहिली होती.

मग नवे प्रमुख आले आणि जुनी फाइल त्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. नवा फॉरमॅट कुठला, यावर चार बैठका झाल्या. एकात मोकळ्या जागा मोजत बसायच्या, दुसऱ्यात नुसतं कंसांचं जंगल. चांगली शिकलीसवरलेली माणसं कंसांवरून हमरीतुमरीवर येताना बघून अक्काला शिसारी आली. प्रमुखांचा जीव कंसवाल्या, जेसॉन नावाच्या फॉरमॅटवर जडला होता. त्यात टीप लिहायची सोयच नाही, हे तिने दोनदा सांगितलं. वेगळ्या फाइलीत लिहा, असं उत्तर मिळालं. तसल्या फाइली कोण उघडतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. चौथ्या बैठकीत मतदान झालं. शिळ्या कॉफीचा वास, तो शहाणपणाचा आव, सगळंच तिला नकोसं झालं होतं. एकदाचं सुटू दे म्हणून तिनेही जेसॉनसाठी हात वर केला.

फाइल बदलताना टिपा गळून गेल्या. महिन्याभराने, थंडी वाया जाते म्हणून प्रमुखांनी नव्वदाचे तीस केले. शेजारी काही लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्याच आठवड्यात सरकत्या दारात मावशींचा हात सापडला आणि मनगट मोडलं.

अक्का भेटायला गेली तेव्हा मावशी प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. प्रमुखांनी फळं पाठवली होती आणि सोबत सूचनेचा कागद: दारातून लवकर बाहेर पडावे. अक्काने तो वाचून पालथा ठेवला.

“चूक माझीच,” मावशी म्हणाल्या. “आताशा फार हळू चालते मी. दाराने तरी किती थांबायचं?”

अक्काला प्रमुखांच्या नावाने चार शिव्या घालायच्या होत्या, पण स्वतःचीच इतकी किळस आली की त्या तोंडातच राहिल्या.

“तुम्ही हळू नाही झालात, मावशी,” ती म्हणाली. “दार मी लवकर लावलं.”